विलाप आधी, दिलासा मागून

रोह्याच्या पुलावरून कुंडलिका ओलांडली की अष्टमी लागते. गावात बेने इस्राएल या मराठी ज्यू समाजाचे सिनेगॉग आहे आणि 'अष्टमकर' हे आडनाव इथूनच निघून मुंबईला आणि पुढे इस्राएलला पोचले. हीच कुंडलिका खाली रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिथे कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी पोर्तुगीज काळापासूनची ख्रिस्ती वस्ती आहे. नदीच्या वरच्या अंगाला दावीदाची स्तोत्रे हिब्रूत म्हणणारे लोक राहिले, मुखाशी तीच स्तोत्रे मिस्सात ऐकणारे. धर्म वेगळे, विधी वेगळे. पण देवाकडे दया मागण्याचा ग्रंथ दोघांचा एकच, स्तोत्रसंहिता.

देव दयाळू आहे हे मराठी माणसाला कुणी नव्याने सांगायला नको. खरा प्रश्न पुढचा आहे. घरात मरण झाले, पीक गेले, मूल दुरावले, स्वतःच्या हातून अपराध घडला, अशा वेळी 'देव दयाळू आहे' हे वाक्य एकाला उभे करते आणि दुसऱ्याला पोकळ वाटते, ते का? मराठीत या प्रश्नाशी चारशे वर्षे झगडणारी ख्रिस्ती कविता आहे आणि तिच्या शेजारी बेने इस्राएलांची कीर्तनपरंपराही आहे. दोन्ही तपासल्या तर एक गोष्ट ठळक दिसते. ज्या कवितेने रडण्याला आधी जागा दिली, तिचाच दिलासा टिकला.

स्तोत्रांची रीत

मूळ ग्रंथापासून सुरुवात करावी. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतला तिसरा हिस्सा तरी विलापाचा आहे. १३वे स्तोत्र जेमतेम सहा ओळींचे, पण त्याच्या पहिल्या दोन ओळींत 'किती काळ' हा प्रश्न देवाला चार वेळा विचारला आहे. हा प्रश्न विचारून झाल्यावरच भक्त दयेवर भरवसा असल्याचे सांगतो. ५१वे स्तोत्र पापाची कबुली देते. बथशेबेबाबतचा अपराध नाथान संदेष्ट्याने तोंडावर मांडल्यावर दावीदाने ते रचले, असे त्याचे शीर्षक सांगते. इथे दया मागणारा राजा आहे आणि त्याच्याजवळ एकही सबब उरलेली नाही. १३०वे स्तोत्र खोल गर्तेतून सुरू होते आणि रात्रीच्या पहारेकऱ्याने पहाटेची वाट पाहावी तशी वाट पाहत थांबते. त्यात पहाट झाल्याचे कुठेही सांगितलेले नाही.

८८वे स्तोत्र त्याहून कठोर आहे. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. शेवटी आभार नाहीत, सुटकाही नाही. असे स्तोत्र पवित्र ग्रंथात कुणी ठेवले, याचे आश्चर्य वाटते. पण ते ठेवले गेले, म्हणूनच बाकीच्या स्तोत्रांतल्या दिलाशावर विश्वास बसतो. विलापगीतांच्या पुस्तकातही हाच क्रम आहे. यरुशलेम जळाले, माणसे उपाशी मेली, त्याचे ते वर्णन. तिसऱ्या अध्यायात हिब्रूच्या २२ अक्षरांना प्रत्येकी तीन अशा ६६ ओळी बांधल्या आहेत. दया रोज सकाळी नवी होते, ही सुप्रसिद्ध ग्वाही विसाव्या ओळीनंतर येते. आधीच्या ओळींत कवी देवावरच तक्रार करतो. आज ती ग्वाही एकटी उचलून भिंतीवरच्या कॅलेंडरावर छापतात, आणि तिच्या आधीच्या वीस ओळी तिथे कुणाला दिसत नाहीत.

याच्या दुसऱ्या टोकाला १३६वे स्तोत्र. त्याच्या २६ ओळींपैकी प्रत्येक ओळीचा उत्तरार्ध एकच आहे: देवाची दया सर्वकाळ टिकते. पुढारी अर्धी ओळ म्हणतो, समाज उरलेली अर्धी म्हणतो. सृष्टी झाली, समुद्र दुभंगला, रान तुडवले, शत्रू हरले, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच. कागदावर वाचताना हे कंटाळवाणे वाटेल. कीर्तनात ध्रुवपद धरणाऱ्याला मात्र त्याचे मर्म सांगावे लागत नाही. एकट्या माणसाची श्रद्धा ज्या ओळीवर अडखळते, ती ओळ बाजूची माणसे म्हणून पुढे नेतात.

ओवीत आलेली करुणा

मराठीत ख्रिस्ती कवितेची पहिली मोठी इमारत उभारली ती एका इंग्रज जेझुइटाने. थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि साष्टीत राहिला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले आणि पुढे १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा निघाले. ओव्या दहा हजारांहून अधिक. पहिल्या पुराणात उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंतची कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे बंद झाली होती. त्यांच्या जागी आम्हाला काय, असे त्यांच्यापैकी एकाने विचारले आणि त्यातून हे काव्य झाले, असे त्याच्या आरंभीच सांगितले आहे. तो प्रश्नही एका पोकळीतून आलेला होता. गोव्यातल्या सत्तेने देवळे पाडली, ग्रंथ हिरावले आणि मग त्याच सत्तेच्या छायेत हे काव्य लिहिले गेले, हे विसरून त्याचे कौतुक करू नये. तरी स्टीफन्सने ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी मनापासून आत्मसात केली आणि लोकांनी ते पुराण आपले मानले, हेही तितकेच खरे.

त्या पुराणाने संकटात आधार दिल्याची आठवण दक्षिण कानडा भागातल्या ख्रिस्ती समाजात जपली गेली आहे. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये मंगळूरकडच्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला बंदिवासात नेले, तेव्हा पाद्री नसलेल्या त्या लोकांनी ख्रिस्तपुराणावर आपली श्रद्धा तगवली, अशी परंपरा सांगते. इथे कुंडलिकेकाठच्या समाजाचा धागा येऊन मिळतो. इंग्रजांच्या पलटणीतला सॅम्युएल दिवेकर हा बेने इस्राएल अधिकारीही टिपूच्या कैदेत सापडला होता. सुटून मुंबईला परतल्यावर त्याने १७९६ मध्ये तिथले पहिले सिनेगॉग बांधले. त्याचे नाव 'शाअर हरहमीम', म्हणजे दयेचे द्वार. मस्जिद बंदर स्टेशनाचे नाव याच वास्तूवरून पडले, असे सांगतात. बंदिवास एकाच सुलतानाचा. त्यातून मिळालेला दिलासा एका समाजाने ओवीत सांभाळला, दुसऱ्याने दगडात.

उत्तर कोकणात फ्रान्सिस्को वाझ द गिमराइश याने तिथल्या मराठीत ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे पुराण रचले. ते १६५९ मध्ये लिस्बनला छापले गेले आणि वसई-मुंबईच्या ख्रिस्ती घरांत उपवासकाळात म्हटले जात राहिले. वर्षातले चाळीस दिवस घराने एका निरपराध माणसाच्या छळाची कथा गाऊन ऐकायची. दुःखाला असे ठरलेले दिवस आणि ठरलेली चाल मिळाली की ते एकट्याच्या छातीवर कमी बसते.

छापील बायबल आणि अष्टमकरांचे कीर्तन

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. विल्यम केरीने श्रीरामपूरहून १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला. १८१३ पासून अमेरिकन मिशन मुंबईत आले आणि १८४७ पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत झाले. मिशनऱ्यांना बेने इस्राएलांविषयी विशेष आस्था होती. जॉन विल्सनने त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले आणि मिशनच्या शाळांत या समाजाची मुले शिकली, काही जण शिक्षकही झाले. हेतू धर्मांतराचा होता आणि तो लपलेला नव्हता. समाजाने पुस्तक घेतले, बाप्तिस्मा मात्र सहसा घेतला नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आणि 'शनिवार तेली' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लोकांना आपल्याच पूर्वजांच्या कथा आपल्याच बोलीत पहिल्यांदा सविस्तर वाचायला मिळाल्या. जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी मग हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली.

१८८०च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएलांनी कीर्तन सुरू केले. त्यांच्या कीर्तनकारांत बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे नाव ठळक आहे; आडनाव अष्टमीचे, कथा अब्राहाम-योसेफाच्या, साज मराठी कीर्तनाचा. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, मध्ये साकी, दिंडी, अभंग. योसेफाचे आख्यान या रीतीत किती चपखल बसते ते पाहा. भावांनी विहिरीत टाकले, परदेशात विकले, तिथे तो तुरुंगात सडला. शेवटी तेच भाऊ दुष्काळात धान्य मागायला त्याच्या दारी येतात आणि तो रडून त्यांना ओळख देतो. दया ही गोष्ट इथे उपदेश म्हणून येत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हातात सूड घेण्याची ताकद आली असताना त्याने काय केले, यातून ती कळते. ख्रिस्ती समाजातही अहमदनगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाची वाट धरली. दोन समाजांनी जवळपास एकाच काळात एकच घाट निवडला.

१९४८ नंतर अष्टमी, पेण, रेवदंडा, अलिबाग इथली बहुसंख्य बेने इस्राएल कुटुंबे इस्राएलला गेली. मराठी कीर्तनाची पदे त्यांच्याबरोबर गेली आणि आजही तिथल्या व मुंबईच्या बायका ती गातात. गावातला समाज आटला, पण त्याची पदे टिकली.

टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई

मराठी ख्रिस्ती कवितेचे शिखर अर्थातच रेव्हरंड नारायण वामन टिळक. कोकणातल्या करजगावचे. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियनाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ही त्यांची नुसती सौजन्याची भाषा नव्हती. मिशनऱ्यांच्या भाषांतरित गीतांत मराठी माणसाचा जीव रमत नाही हे त्यांनी ओळखले आणि अभंग, पद, आर्या या वळणांनी लिहिले. 'उपासना संगीत' या मराठी चर्चमधल्या गीतसंग्रहात त्यांचा वाटा फार मोठा आहे. ख्रिस्ताला ते गुरू आणि माउली या दोन्ही नात्यांनी हाक मारतात. वारकऱ्याला पंढरीच्या विठ्ठलाकडून जे मिळते तेच मागण्याचा हा सूर. पश्चिमेकडच्या गीतांतला दयाळू राजा त्यांच्याकडे येताना आई झाला. 'बापाचे अश्रू'सारख्या कवितेत त्यांनी पित्याचा शोकही उघडा मांडला. भक्तिगीते लिहिणाऱ्या माणसाने शोक झाकून ठेवला नाही, म्हणूनच त्या गीतांना वजन आले.

मात्र टिळकांच्या दिलाशाची किंमत कुणी मोजली हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचून कळते. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. वेगळे राहणे, नातलगांचा गराडा, मुलाची काळजी, सोवळे-ओवळे यांतून वाट काढत त्या काही वर्षांनी टिळकांकडे आल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. हे सगळे त्या हसत सांगतात, पण रडले ते लपवत नाहीत. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' या त्यांच्या ख्रिस्तचरित्रपर काव्याचे अकराच अध्याय झाले होते. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या या बाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहिले. ग्रंथ १९३८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, बाहेर आला. विधवेने नवऱ्याचे अर्धे राहिलेले काव्य पुरे करणे ही शोक वाहून नेण्याचीच एक रीत आहे, आणि मराठीत तिला दुसरी जोड नाही.

पंडिता रमाबाईंची वाट गद्याची. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि मागोमाग बहीण गेली. लग्नानंतर दोन वर्षांत पतीही गेले. पुढच्या दुष्काळांत त्यांनी शेकडो बायका-मुली केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्या हिब्रू आणि ग्रीक मुळावरून बायबल सोप्या मराठीत आणत होत्या. कमी शिकलेल्या बाईला वाचता यावे हा हेतू. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. विलापगीतांचे शब्द मराठीत बसवणाऱ्या या बाईने उपासमार पुस्तकातून शिकलेली नव्हती, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

शेजाऱ्यांचे वाचन

हा दिलासा चर्चच्या भिंतीआड राहिला नाही. रोह्याच्या शेजारच्या पेण तालुक्यात, गागोद्याला १८९५ मध्ये विनोबा जन्मले. 'गीताई'कार म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. नव्या कराराची निवडक वचने त्यांनी 'ख्रिस्तधर्म-सार' या नावाने एकत्र केली हे कमी जणांना ठाऊक असते. वाद घालण्यासाठी वाचणे त्यांना मंजूर नव्हते. थोडे घ्यावे, पुन्हा पुन्हा म्हणावे, त्यावर मनन करावे, हा त्यांचा शिरस्ता. स्कॉटिश मिशनरी निकोल मॅक्निकल यांनी १९१९ मध्ये मराठी संतांच्या १०८ रचना इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाच्या नावात त्यांना 'साम्स', म्हणजे स्तोत्रे म्हटले. म्हणजे ये-जा दोन्ही बाजूंनी होती. अलीकडच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहिले, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. बायबल मराठी साहित्याच्या दिवाणखान्यात येऊन बसले ते त्यांच्यामुळे.

मराठीबाहेरही हाच अनुभव आहे. स्टीफन्सनंतर थोड्याच वर्षांनी, १६३३ मध्ये, इंग्रज कवी जॉर्ज हर्बर्टचा संग्रह निघाला. त्यातल्या एका कवितेत अपराधी जीव देवाच्या पंगतीतून मागे सरतो आणि यजमान हात धरून त्याला बसवतो. फ्रेंच विचारवंत सिमोन वेइल डोकेदुखीच्या कळा असह्य झाल्या की ही कविता म्हणत असे. लूकच्या शुभवर्तमानातल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही तेच घडते. परतणारा मुलगा वाटेत एक माफीचे भाषण पाठ करतो. त्याचे शेवटचे वाक्य, मला चाकर म्हणून ठेव, हे तो बापासमोर बोलू शकत नाही, कारण बाप आधीच धावत येऊन त्याच्या गळ्यात पडलेला असतो आणि लगेच चाकरांना वस्त्र आणायला सांगतो.

दया आणि न्याय

या परंपरेवर एक खरा आक्षेप आहे. दयेची भाषा वरच्याने खालच्याला ऐकवली तर ती भीक होते. अहमदनगर, जालना या भागांत ख्रिस्ती झालेला मोठा समाज महार-मांग वाड्यांतला होता. त्यांना पुढच्या जन्माचा नाही, पुढच्या पाणवठ्याचा प्रश्न होता. अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातल्या व्याख्यानातून दलित ईश्वरविद्येची मांडणी सुरू केली ती याच अस्वस्थतेतून. दुःख सोसणाऱ्याला 'देव दया करील' एवढे सांगून गप्प बसवणे त्यांना मान्य नव्हते. आक्षेप रास्त आहे, आणि स्तोत्रांतच त्याला आधार आहे. ८५वे स्तोत्र दयेची सत्याशी आणि न्यायाची शांतीशी गाठ घालून देते. योसेफाच्या कथेतही भाऊ आधी आपला अपराध कबूल करतात. न्यायाला वळसा घालून आलेली दया दिलासा देत नाही.

दुसरी उणीव आजची आहे. अलीकडच्या भक्तिगीतांत आणि उपासनेच्या छोट्या पुस्तिकांत दिलासा फार लवकर येतो. पहिल्याच कडव्यात संकट आणि दुसऱ्यात विजय. संकटात पडलेल्या माणसाला हे वाचून वाटते की आपल्याच श्रद्धेत खोट आहे. टिळक-लक्ष्मीबाईंच्या पिढीने ही घाई केली नव्हती. शिवाय चाल हरवते आहे. उपासना संगीतातली अनेक पदे ज्या रागांत आणि वृत्तांत बांधली गेली, ती म्हणणारे वडीलधारे कमी होत चालले आहेत. पुस्तक उरते, गळा उरत नाही. अष्टमकरांच्या कीर्तनाचीही तीच गत व्हायला वेळ लागणार नाही.

म्हणून वाचकाला दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. तुम्ही कोणत्याही धर्माचे असा, मन जड असेल तेव्हा दिलाशाच्या २३व्या स्तोत्राकडे धावण्याआधी १३वे वाचा, जमल्यास ८८वे वाचा, आणि मग १३०वर या. मोठ्याने वाचा, दोघे असाल तर १३६वे स्तोत्र अर्धे-अर्धे वाटून घ्या. आणि घरात कुणी आजी-आजोबा 'उपासना संगीत'मधले किंवा बेने इस्राएल कीर्तनातले एखादे पद चालीवर म्हणत असतील तर ते आजच मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. छापील प्रत ग्रंथालयात सापडेल. चाल माणसाबरोबर जाते.